तापात दिलेली सुई आणि आक्काचा पाय

कृष्णाकाठ

इथे डॉक्टर मंडळी आहेत, पोलिओच्या कामात आयुष्य घालवलेलीही काही जण असतील, म्हणून हा धागा काढतेय.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, १९७३ सालची. सव्वा वर्षाची असताना तिला ताप आला. गाव सांगली जिल्ह्यात, नदीकाठी. सायकलवरून फिरणारे एक डॉक्टर होते, त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आई तिला उभं करायला गेली तर डावा पाय नुसता लोंबला. आदल्या आठवड्यात भिंत धरून चालणारं पोर. मग तेल-मालीश, हाडवैद्य, नवस, सगळं झालं. शेवटी मिरजेला नेलं तेव्हा 'पोलिओ' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की बसलीय: 'मी सुई द्यायला नेलं नसतं तर पोरगी चालली असती.' आक्का स्वतः असं कधी म्हणत नाही, पण आईचं हे ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो.

दोन प्रश्न आहेत. इंजेक्शनामुळे पोलिओ होतो का? आणि साथीचा रोग असेल तर आमच्या अख्ख्या वाडीत एकट्या आक्कालाच कसा झाला? साथ नव्हती, म्हणजे दोष सुईचा किंवा घराच्या नशिबाचा, असंच तेव्हा सगळे म्हणाले. आत्याबाईंनी तर आईच्या तोंडावर म्हटलं होतं.

पुनवडी

वाचून गलबललो. माझ्या मामेभावाची कथा जवळजवळ हीच आहे. ताप, सुई, आणि पाय गेला. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतो.

रानवारा

आमच्या गल्लीतही असे दोघे होते. दोघांच्या घरी इंजेक्शनचाच दोष सांगायचे.

बालवैद्य

कृष्णाकाठ, सविस्तर लिहीन, पण आधी थोडी माहिती द्या. आक्कांना त्या पायाला स्पर्श, चटका, टोचणं हे सगळं नीट कळतं का? फक्त पावलापासून खाली अशक्तपणा आहे की मांडीपण बारीक आहे? दुसऱ्या पायात किंवा पाठीत काही दोष आहे का? आणि सुई दिल्या दिल्या पाय गेला की मध्ये एखाद-दोन दिवस गेले?

हे विचारण्यामागे कारण आहे. लहान मुलाच्या कुल्ल्यात चुकीच्या जागी सुई टोचली तर तिथून जाणारी मोठी नस दुखावते आणि पाऊल लोंबतं. तो पोलिओ नव्हे. त्यात लुळेपणा सहसा लगेच येतो, पाय दुखतो आणि पावलाची संवेदनाही कमी होते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या फक्त स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. संवेदनेच्या वाटा तो सोडून देतो. म्हणून पोलिओच्या पायाला सगळं कळतं, हलवता मात्र येत नाही.

कृष्णाकाठ

आत्ताच आक्काशी फोनवर बोलले. तिला सगळं कळतं. उलट थंडीत तो पाय गार पडतो आणि दुखतो म्हणाली. मांडी, पोटरी दोन्ही बारीक. उजव्या पायालाही थोडी ओढ आहे, पाठीला बाक आहे. गुडघ्यावर हात दाबून चालते. सुई आणि लुळेपणा यात मधला एक दिवस नक्की गेला, आईला तो सोमवतीचा दिवस आठवतो.

बालवैद्य

मग हा पोलिओच, असं मानायला भरपूर आधार आहे. गुडघ्यावर हात दाबून चालणं ही तर आमच्या शिकण्याच्या काळात लांबूनच ओळखायची खूण होती. मांडीचा पुढचा स्नायू गेला की गुडघा आपोआप दुमडतो, म्हणून माणूस हातानं तो मागे रेटत पाऊल टाकतो.

आता दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

पोलिओचा विषाणू शिरलेल्या मुलांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना नुसता ताप, घसा, पोट बिघडणं. साधारण २०० मुलांमागे एकाचा हात किंवा पाय कायमचा जातो. म्हणजे तुमच्या वाडीत आक्का एकट्या लुळ्या पडल्या तरी त्या दिवसांत विषाणू कितीतरी घरांतून फिरून गेलेला असणार. विष्ठेतून बाहेर पडतो, हातावाटे, पाण्यावाटे तोंडात जातो. ज्यांना तो होऊन गेला ती मुलं अंगणात खेळत होती, म्हणून कुणाला साथ दिसली नाही.

उष्ण कटिबंधातल्या पोलिओची ही खरी ओळख आहे. युरोप-अमेरिकेत उन्हाळ्यात एकदम लाट यायची, शाळकरी मुलं आणि तरुण माणसंही पडायची, वर्तमानपत्रं भरून जायची. आपल्याकडे विषाणू बारा महिने फिरत असे. आईकडून आलेलं संरक्षण सहा-आठ महिन्यांत संपलं की लगेच मूल त्याच्या तावडीत सापडे. पाच वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येकाला तो होऊन गेलेला असे. त्यामुळे मोठी माणसं कधी आजारी पडत नसत आणि लुळेपणा यायचा तो दीड-दोन वर्षांच्या पोरांना, एक इथे, एक तिथे, वर्षभर. जुन्या डॉक्टरांचा शब्दच 'बाळ-पक्षाघात' असा होता.

आता सुई. 'इंजेक्शनामुळे पोलिओ होतो' हे खरं नाही. सुईत विषाणू नसतो. पण विषाणू अंगात आधीच असेल आणि त्याच दिवसांत स्नायूत सुई टोचली, तर लुळेपणा येण्याची शक्यता वाढते आणि तो बहुधा टोचलेल्याच हाता-पायात येतो, हे खरं आहे. १९५० च्या सुमारास ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हे स्वतंत्रपणे टिपलं होतं. तिथे डांग्या खोकल्याच्या लशीनंतर काही मुलांचा नेमका टोचलेला हात गेला होता. पुढे ओमानमध्ये १९८८-८९ च्या साथीतही असंच दिसलं. स्नायूला इजा झाली की तिथल्या मज्जातंतूच्या टोकांतून विषाणूला मज्जारज्जूपर्यंत चढायला वाट मिळते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

आता तुमच्या आईंसाठी. आक्कांचा ताप हाच पोलिओचा पहिला ताप असणार. तो विषाणू सुईच्या आधीच अंगात होता. सुई न देताही पाय गेला असता का? एका मुलाच्या बाबतीत हे कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही. दुसऱ्या पायात आणि पाठीतही दोष आहे, त्या जागी तर सुई दिलेली नव्हती. आणि तापलेलं लेकरू उचलून डॉक्टरकडे नेलं, यात आईचा दोष शोधणं हा अन्याय आहे. गावोगाव साध्या तापालाही सुई टोचायची आणि ती टोचली नाही तर डॉक्टर चांगला नाही असं म्हणायचं, ही पद्धत आम्ही डॉक्टर लोकांनी रुजवली. याबद्दल प्रश्न विचारायचेच असतील तर आमच्या व्यवसायाला विचारायला हवेत.

कृष्णाकाठ

डॉक्टर, हा प्रतिसाद आज संध्याकाळी आईला वाचून दाखवणार आहे. 'ताप हाच पोलिओचा पहिला ताप' हे आजवर आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जुनीपाने

उत्तम धागा. बालवैद्य यांच्या मुद्द्याला इतिहासाची जोड देतो, कारण 'साथ दिसली नाही म्हणजे रोग नाही' हा समज फक्त सांगलीच्या वाडीत नव्हता. जगभरच्या तज्ज्ञांचाही तोच होता.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आणि मध्यपूर्वेत आलेल्या ब्रिटिश, अमेरिकी सैनिकांत पोलिओचे रुग्ण निघू लागले. आजूबाजूच्या स्थानिक मोठ्या माणसांत मात्र एकही नाही. तेव्हा काही संशोधकांच्या लक्षात आलं की विषाणू इथे भरपूर आहे, इथल्या लोकांना तो तान्हेपणीच होऊन जातो. पण सर्वसाधारण निष्कर्ष उलटाच निघाला: उष्ण देशांतल्या मुलांना निसर्गतःच संरक्षण मिळतं, तिथे पोलिओ हा मोठा प्रश्न नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षं हाच समज चालला. लस निघाली १९५५ मध्ये, तोंडावाटे द्यायची त्यानंतर काही वर्षांनी. श्रीमंत देशांनी ती वापरून साठच्या दशकात पोलिओ जवळपास संपवला. आपल्याकडे मात्र त्याची घाई कुणाला वाटली नाही.

हा समज मोडला तो अगदी साध्या कामानं. १९७४ मध्ये घानात संशोधकांनी शाळाशाळांत जाऊन लंगडणारी मुलं मोजली. प्रत्येक मुलाला तपासलं, लुळेपणा पोलिओचा आहे का ते पाहिलं. दर हजार शाळकरी मुलांमागे सुमारे ७ मुलं पोलिओनं अधू निघाली. अमेरिकेत साथी ऐन भरात होत्या तेव्हाही प्रमाण यापेक्षा फार वेगळं नव्हतं. मग ब्रह्मदेश, इजिप्त, फिलिपिन्स असं एकामागून एक देशांत लंगडणाऱ्या मुलांची मोजणी झाली. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झाली. प्रत्येक ठिकाणी तेच. सरकारी नोंदीत मूठभर रुग्ण आणि गावात मात्र दर दोन-चार आळ्यांआड एक काठी टेकत चालणारं पोर.

मला यात सगळ्यात बोचतं ते हे की ती मुलं सगळ्यांना रोज दिसत होती. देवळाच्या पायरीवर, शाळेच्या शेवटच्या बाकावर, गावच्या बाजारात. त्यांची बेरीज कुणी केली नव्हती, एवढंच.

आक्का आजारी पडल्या त्या वर्षी आपल्या खेड्यांत लस नव्हतीच. देशाचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ चा आणि पोलिओची लस त्यात आली ती त्यानंतर. कृष्णाकाठ, आईंना हेही सांगा. लस असून त्यांनी दिली नाही, असं नव्हतं.

शरयू

मुंबईत त्यापूर्वीच काही काम झालं होतं ना? हाजी अलीचं मुलांचं हाडांचं रुग्णालय तर खूप जुनं आहे.

जुनीपाने

हो. १९४९ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली होती आणि त्याच सुमारास परळला पोलिओ संशोधन केंद्र सुरू झालं. पुढे तेच एन्टेरोव्हायरस (पोलिओसारखे आतड्यात वाढणारे विषाणू) संशोधन केंद्र झालं. देशभरातल्या मुलांचे नमुने तिथे तपासले गेले. आणि हाजी अलीच्या रुग्णालयामागे फातिमा इस्माईल यांचं काम आहे. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला. मुलीवर उपचार करता करता त्यांनी इतर मुलांसाठीही दवाखाना उभा केला आणि त्यातून संस्था वाढत गेली. पण हे मुंबईत. घाटमाथ्यावरच्या पोराला मालीशवाला आणि हाडवैद्य एवढेच होते.

माणदेशी

हा धागा काल रात्री वाचला, आज लिहितोय.

मी १९७१ चा. उजवा पाय, कमरेपासून. कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, लावतो. लहानपणी लोखंडाचा होता. चामड्याचे पट्टे, बुटाला खाली ठोकलेला. पावसात पट्टे कडक व्हायचे आणि मांडी सोलून निघायची. दोन पायांची मापं वेगळी, त्यामुळे कायम दोन जोड विकत घ्यायचे आणि प्रत्येकातला एकेक टाकून द्यायचा. पहिलीत मला शाळेत घ्यायला तयार नव्हते. आजोबा रोज पाठुंगळी घेऊन जायचे आणि वर्गाच्या दाराशी बसून राहायचे. शेवटी मास्तरांनी नाव घातलं. एसटीच्या पायऱ्या हा माझा आयुष्यभराचा शत्रू.

ज्यांच्या घरात पोलिओ झालेलं कुणी आहे त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणून लिहितो. पोलिओ एकदा होऊन गेला म्हणजे संपला असं नाही. माझी पंचेचाळिशी उलटल्यावर चांगला डावा पाय थकायला लागला. जिना चढताना जीव जायचा. थंडी सोसेना, दुपारपर्यंत अंगातलं सगळं त्राण संपायचं. तीन ठिकाणी दाखवलं. एकानं मणक्याचा विकार सांगितला, दुसऱ्यानं वजन कमी करा म्हटलं, तिसऱ्यानं जोरात व्यायाम करायला लावला. त्या व्यायामानं मी आणखी खाली बसलो. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, पोलिओ कितव्या वर्षी झाला होता? आणि म्हणाले, हे पोलिओच्या मागून येणारं दुखणं आहे.

त्यांनी सांगितलेलं असं: पोलिओत काही पेशी मेल्या, उरलेल्या पेशींनी जास्तीचे फाटे फोडून मेलेल्यांच्या वाटचे स्नायूही सांभाळले. चाळीस-पन्नास वर्षं दुप्पट-तिप्पट काम करून आता त्या थकतात. औषध नाही. ताकद जपून वापरायची, दमण्याआधी बसायचं, व्यायाम हलका आणि मध्ये थांबत थांबत. मी कुबडी घेतली, कॅलिपर हलक्या प्लास्टिकचा करून घेतला, लांबच्या अंतराला चाकाची खुर्ची. ती खुर्ची घ्यायला मन तयार व्हायला वेळ लागला, पण आता दिवस पुरा पडतो.

आजच्या तरुण डॉक्टरांनी पोलिओ पाहिलेला नाही. ती चांगलीच गोष्ट आहे. पण आम्ही लाखो जण अजून आहोत, पन्नाशी-साठीत आहोत, आणि दवाखान्यात गेलो की आमचा जुना आजार आम्हालाच समजावून सांगावा लागतो. आक्कांना विचारा, त्यांनाही हल्ली जास्त थकवा येतो का?

कृष्णाकाठ

दादा, तुमचा प्रतिसाद आक्काला तसाच्या तसा पाठवला. तिचा उलट फोन आला. दोन वर्षांपासून तिला अगदी हेच होतंय. आम्ही म्हणत होतो वय झालं. तुमच्याशी बोलायचं म्हणतेय. निरोप करते.

बालवैद्य

माणदेशी यांनी फार महत्त्वाचं लिहिलंय आणि अचूक. त्यात एवढीच भर: या मंडळींना कुठलीही शस्त्रक्रिया करायची झाली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पोलिओचं आधी आवर्जून सांगायचं. औषधांची मात्रा आणि श्वासाची काळजी यात फरक पडतो. पाठीला बाक असेल तर फुप्फुसाची तपासणी करून घ्यावी. झोपेत श्वास अडखळणं, सकाळी उठल्यावर डोकं जड असणं, हे असेल तर दुर्लक्ष करू नये.

रानवारा

एक शंका. आमच्या मुलांना पल्स पोलिओचे इतके डोस पाजले की मोजदाद नाही. अमेरिकेत तीन-चार डोसांत भागलं म्हणतात. मग इथे दरवर्षी परत परत का? लोकांचा विश्वास अशानंच उडतो.

बालवैद्य

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तरही उष्ण कटिबंधाशीच जोडलेलं आहे.

तोंडावाटे द्यायची लस म्हणजे दुबळा केलेला जिवंत विषाणू. तो आतड्यात रुजला तरच संरक्षण मिळतं. थंड, स्वच्छ देशांत तीन डोसांत बहुतेक मुलं सुरक्षित होत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. टी. जेकब जॉन यांनी सत्तरच्या दशकात आपल्या मुलांचं रक्त तपासलं तर तीन डोसांनंतरही बऱ्याच मुलांत प्रतिकारशक्ती तयार झालेली नव्हती. लस बिघडलेली नव्हती. आपल्या मुलांच्या आतड्यात इतर विषाणूंची गर्दी, सततचे जुलाब, कुपोषण, यामुळे लशीच्या विषाणूला रुजायला जागाच मिळत नव्हती. तीनपेक्षा जास्त डोस द्या, एका भागातल्या सगळ्या मुलांना एकाच वेळी द्या, असं ते तेव्हापासून सांगत होते. यंत्रणेनं ते मान्य करेपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि त्या वर्षांत लुळी पडलेली मुलं आज माणदेशींच्या मागोमाग चाळिशी गाठतायत. याची मला मनापासून खंत आहे.

उत्तर प्रदेशात तर प्रकार टोकाचा होता. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे त्यातल्या पहिल्या प्रकाराच्या विषाणूविरुद्ध एका डोसाचा परिणाम जेमतेम ९ टक्के निघाला. बाकी भारतात सुमारे २१ टक्के. दहा डोस घेतलेलं मूलही तिथे लुळं पडत होतं. लोक म्हणत, डोस पाजूनही झालाच ना? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मग २००५ पासून एकाच प्रकाराची लस, २०१० पासून दोन प्रकारांची लस आली. ती जास्त चांगली रुजली. २००९ मध्ये भारतात ७४१ रुग्ण होते, जगात सर्वांत जास्त. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये फक्त एक, हावडा जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी. त्यानंतर आपल्याकडे नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण नाही. २७ मार्च २०१४ ला तसं प्रमाणपत्रही मिळालं.

निवृत्त_सिस्टर

मी नाशिक जिल्ह्यात आरोग्य सेविका होते. आकडे डॉक्टरांनी दिले, मी त्यामागचे पाय सांगते.

पल्स पोलिओच्या आदल्या रात्री बर्फ गोठवायचा. वीज गेली की पोटात गोळा. रविवारी बूथ, आणि सोमवारपासून घरोघर. डाव्या करंगळीला शाई. घराच्या भिंतीवर खडूनं खूण, सगळी मुलं झाली की पी, एखादं राहिलं की एक्स. एक्सच्या घरी परत जायचं, परत जायचं, ते पी होईपर्यंत जायचं. कुपीवरच्या गोलातला चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तरच ती लस वापरायची. तो गडद होऊन गोलाच्या रंगाचा झाला की उष्णता लागली समजायचं आणि कुपी बाद. त्या एका छोट्या चौकोनानं आमची किती काळजी कमी केली ते आम्हालाच ठाऊक.

सगळ्यात अवघड काम ऊसतोडीच्या कोप्यांवर. आज इथे तळ, उद्या दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत. त्यांची मुलं कुठल्याच गावच्या यादीत नसायची. तीच गत वीटभट्ट्यांची आणि पुलाखालच्या पालांची. पहाटे अंधारात जायचो, कारण उजाडलं की आया फडात. डोक्यावर मोळी घेतलेली बाई खाली न उतरवता म्हणायची, 'पाजा पटकन.' आणि कडेवरचं पोर तोंड उघडायचं.

काही मोहल्ल्यांत दार उघडायचे नाहीत. मुलं होऊ नयेत म्हणून हे पाजतात, अशी अफवा होती. आम्ही भांडायला गेलो नाही. त्याच बायकांच्या बाळंतपणाला, त्यांच्या पोरांच्या जुलाबाला आम्हीच जात होतो. मौलवी साहेबांनी मशिदीतून सांगितलं, स्वतःच्या नातवाला सगळ्यांसमोर पाजलं. दारं उघडली. मला वाटतं नुसत्या पोलिओसाठी गेलो असतो तर उघडली नसती. 'पाणी नाही, गटार नाही, आणि दोन थेंब घेऊन बरे येता' असं एका आजीनं मला सुनावलं होतं. तिचं बरोबरच होतं. गटारातूनच तर हा रोग येतो.

लागोसकर

नायजेरियात नोकरीला होतो. लागोसच्या सिग्नलला चाकाच्या फळीवर बसून हातांनी रेटत गाड्यांमधून फिरणारी तरुण मुलं दिसायची, पाय पोटाशी दुमडलेले. सगळा पोलिओ. सिस्टरांनी सांगितली तीच अफवा तिथे उत्तरेत कानो राज्यात २००३ मध्ये पसरली आणि सरकारी पातळीवरच लस थांबली, ती २००४ च्या मध्यापर्यंत. तिथला विषाणू तेवढ्यात कितीतरी देशांत पोचला. आफ्रिका खंड नैसर्गिक पोलिओतून मुक्त जाहीर व्हायला २०२० चा ऑगस्ट उजाडला. सिस्टर, तुमच्यासारख्या तिथल्या बायकांनीही दारोदार तेच काम केलं. काहींनी त्यात जीव गमावला.

साधा_माणूस

मी विरोधक नाही, पण मनात आहे ते विचारतो. २०२४ मध्ये मेघालयात एका मुलाला पोलिओ झाला आणि तो लशीतल्या विषाणूचा होता असं वाचलं. मग नातवाला डोस द्यायचा की नाही?

बालवैद्य

द्यायचा. पण तुम्ही वाचलंत ते खरं आहे. ते लपवून विश्वास मिळत नाही.

तोंडावाटेच्या लशीचे दोन धोके आहेत. एक म्हणजे लाखो डोसांमागे एखाद्या मुलाला लशीमुळेच लुळेपणा येतो. दुसरा असा की जिथे बरीच मुलं लशीविना राहिली आहेत तिथे लशीचा दुबळा विषाणू एका मुलातून दुसऱ्यात फिरत राहतो, फिरता फिरता बदलतो आणि पुन्हा लुळेपणा आणण्याइतका जबर होतो. ज्याची प्रतिकारशक्ती जन्मतःच कमी आहे अशा एखाद्या मुलाच्या आतड्यातही तो असा बदलू शकतो. यावर उपाय म्हणून २०१६ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या प्रकाराचा विषाणू लशीतून काढून टाकला, कारण फिरून बदलण्याच्या घटना त्याच प्रकारात सर्वाधिक होत्या. आणि मेलेल्या विषाणूची टोचायची लस आपल्या कार्यक्रमात आणली. तिच्यातून पोलिओ होऊच शकत नाही.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात नैसर्गिक विषाणू अजून आहे. २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांचं बाळ लुळं पडलं, तो बदललेला लशीचा विषाणू होता. दोन्हींपासून वाचवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे भोवतालच्या सगळ्या मुलांचं पूर्ण लसीकरण.

शरयू

माझी मुलगी दोन महिन्यांची आहे. थेंब आणि सुई दोन्ही घ्यायचे का? आणि वरचं वाचून आता सुईची भीती वाटतेय.

निवृत्त_सिस्टर

दोन्ही घ्यायचे, बाळा. थेंब जन्मल्यावर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, आणि दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर. टोचायची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. ती दंडावर कातडीत देतात, अगदी थोडी. कार्ड जपून ठेव.

बालवैद्य

शरयू, ती भीती काढून टाका. सुईचा धोका होता तो विषाणू गावभर फिरत होता तेव्हा. आता तो इथे फिरत नाही आणि न फिरण्याचं कारणच लसीकरण आहे. लशीची सुई चुकवू नका. साध्या तापाला, सर्दीला मात्र इंजेक्शनचा आग्रह कुणाकडेच धरू नका.

कृष्णाकाठ

काल आईला सगळं वाचून दाखवलं. डॉक्टरांचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, 'म्हणजे ताप आला तेव्हाच ते अंगात शिरलेलं होतं?' हो म्हटलं. ती आक्काशी बराच वेळ फोनवर बोलली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

आक्काच्या फुप्फुसाच्या तपासणीची वेळ घेतलीय. माणदेशी दादा, हलक्या कॅलिपरसाठी कुठे जायचं? अंदाजे खर्च आणि अपंग प्रमाणपत्र जुनं असेल तर चालतं का?

माणदेशी

जुनं कागदी असेल तर आधी ऑनलाइन नोंदणी करून नवं युडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, आता बहुतेक ठिकाणी तेच मागतात. जिल्हा रुग्णालयात तपासणीचा ठरलेला वार असतो, तो विचारून जा. कॅलिपर तयार घेऊ नका, माप देऊनच करून घ्या. आणि माप दुपारनंतर द्या, पोलिओचा पाय दिवसभरात सुजतो. सकाळच्या मापानं केलेला संध्याकाळी रुततो. खर्चाचं आणि पत्त्याचं व्यक्तिगत निरोपात पाठवतो. आक्कांचा नंबरही तिथेच द्या, रविवारी फोन करतो.